कातडे, रबर आणि तेलाचा पातळ थर : मोटारगाडीतील ऑइल सीलचा इतिहास

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास सामान्यतः इंजिनांचा, कारखान्यांचा आणि कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कार्ल बेंझ यांचे १८८६ सालचे पेटंट आणि हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली सुरू झालेली सरकती जुळणी या टप्प्यांभोवती बहुतेक ग्रंथांची मांडणी केलेली आढळते. गाडी रस्त्यावर आल्यानंतर ती चालती कशी ठेवली गेली, हा प्रश्न मात्र फार काळ उपेक्षित राहिला. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात शोधांच्या इतिहासाऐवजी वापराचा आणि देखभालीचा इतिहास लिहिण्याची आवश्यकता प्रतिपादिली. पाठोपाठ २००७ साली केव्हिन बोर्ग यांचा अमेरिकेतील मोटार मेकॅनिकांच्या ज्ञानाचा व सामाजिक स्थानाचा वेध घेणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दृष्टीने पाहू गेल्यास गाडीतील अगदी क्षुल्लक वाटणारे भागही इतिहासाचे साधन ठरू शकतात. प्रस्तुत लेखात अशाच एका भागाचा, म्हणजे ऑइल सीलचा, परामर्श घेतला आहे. त्यासाठी मराठीत तैलरोधक असा शब्द योजता येईल. परंतु गॅरेजात ऑइल सील हाच शब्द रूढ असल्याने येथेही तोच वापरला आहे.

ऑइल सीलची गरज एका साध्या अडचणीतून निर्माण होते. तेलाने भरलेल्या बंद पेटीतून फिरता दांडा बाहेर येतो, तेथे दांडा आणि पेटीची भिंत यांच्यात फट ठेवावीच लागते. फट नसेल तर दांडा फिरणार नाही. फट असेल तर आतले तेल बाहेर येईल आणि बाहेरची धूळ आत जाईल. इंजिनाच्या क्रँकची दोन्ही टोके, गिअरबॉक्समध्ये येणारे व तेथून बाहेर पडणारे दांडे, डिफरन्शिअल, चाकांचे हब अशा अनेक ठिकाणी ही अडचण उभी राहते. आज तेथे बोटांच्या चिमटीत मावणारी, धातूच्या कड्यावर रबराचा ओठ असलेली एक चकती बसवलेली असते. ही चकती दुकानात अल्प किमतीत मिळते. पण क्रँकच्या मागील टोकाचे सील बदलायचे तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो.

या चकतीच्या इतिहासातील लक्षणीय बाब अशी की, ती लाखोंच्या संख्येने बनवली जात होती, बसवली जात होती, बदलली जात होती, आणि तरीही ती तेल नेमके कसे अडवते हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणालाही नीटसे ठाऊक नव्हते. सील बसवण्याचे नियम आधी कारागिरांच्या हाती आले, त्यांची कारणे शास्त्रज्ञांना पुढे सापडली. उपयोजित विज्ञान म्हणजे आधी सिद्धान्त आणि मग त्याचा व्यवहार, हा जो क्रम वर्गात शिकवला जातो, तो येथे बव्हंशी उलटा दिसतो.

ब्रामा, मॉड्स्ली आणि कातडी वाटी

आपल्याकडील बैलगाडीच्या आखाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला गळतीची फारशी चिंता नव्हती. तुंब्यातून वंगण बाहेर ओघळणारच, हे त्याने गृहीत धरलेले असे. म्हणून वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगलेले असे. वाफेच्या इंजिनाला ही चैन परवडणारी नव्हती. पिस्टनचा दांडा सिलिंडरबाहेर येतो त्या जागी एक खोबण करून तीत चरबीत भिजवलेला ताग किंवा अंबाडीचा दोर गुंडाळत आणि वरून झाकण आवळत. ही रचना पाण्याच्या पंपांवर आजही ग्लँड या नावाने दिसते. ग्लँड फार आवळू नये, तिच्यातून पाण्याचा थेंब अधूनमधून पडलाच पाहिजे, नाही तर दोर जळतो व दांडा झिजतो, हे पंप चालवणाऱ्यास सांगावे लागत नाही. या साध्या सूचनेत पुढील सर्व शास्त्राचे बीज आहे.

खरी कसोटी आली ती जलदाबाच्या यंत्रात. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली लंडनमध्ये जलदाब यंत्राचे पेटंट घेतले. तत्त्व निर्दोष होते. पण दाब वाढताच पाणी दट्ट्याच्या कडेने उसळून बाहेर येई, आणि दोर गच्च आवळावा तर दट्ट्या परत खाली येत नसे. या पेचातून वाट काढण्याचे श्रेय ब्रामा यांच्या कर्मशाळेतील मुख्य कारागीर हेन्री मॉड्स्ली यांना दिले जाते. त्यांनी कातड्याचे उलट्या वाटीसारखे कडे बसवले. पाण्याचा दाब वाढला की वाटीची कड फाकून दट्ट्यावर अधिक घट्ट बसे. दाब गेला की ती सैल पडे. जे बल गळती घडवते त्याच बलाकडून गळती रोखण्याचे काम करून घेणे, हे तत्त्व आजच्या अनेक सीलांतही कायम आहे. सॅम्युएल स्माइल्स यांनी १८६३ सालच्या आपल्या औद्योगिक चरित्रग्रंथात हा प्रसंग नोंदवला नसता, तर पेटंटाच्या कागदावरून मॉड्स्ली यांचे नाव कळणेही कठीण होते. मॉड्स्ली यांना आठवड्याला ३० शिलिंग मजुरी मिळे. ती वाढवून मागितली असता ब्रामा यांनी नकार दिला, आणि १७९७ साली मॉड्स्ली यांनी ती कर्मशाळा सोडून स्वतःचे काम सुरू केले. पुढे ते इंग्लंडमधील नामवंत यंत्रकार झाले, हा भाग वेगळा.

गळणारी मोटार

आरंभीच्या मोटारींत गळती हा दोष मानला जात नसे. अनेक इंजिनांत तेल थेंबाथेंबाने बेअरिंगवर पडे आणि काम झाल्यावर बाहेर निघून जाई. ते परत गोळा करण्याची व्यवस्थाच नव्हती. तेल इंजिनातच फिरते ठेवण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा ते आत अडवण्याचा प्रश्न उद्भवला. त्यावर तीन प्रकारचे उपाय दीर्घकाळ चालत आले. पहिला नमद्याचा, म्हणजे फेल्टच्या कडीचा. ही कडी तेल शोषून घेई आणि भरली की पाझरू लागे. दुसरा दांड्यावर तेल फेकणारी चकती बसवण्याचा व त्याच्या टोकावर परतीचे आटे कापण्याचा. तिसरा दोराचा.

परतीच्या आट्यांची युक्ती मोठी चतुर होती. क्रँकच्या मागील टोकावर स्क्रूसारखे आटे अशा दिशेने कापलेले असत की, क्रँक फिरताना बाहेर येऊ पाहणारे तेल त्या आट्यांतून आत ढकलले जाई. स्पर्श नाही, म्हणून झीज नाही. झीज नाही, म्हणून बदलण्याचा भागही नाही. परंतु ही युक्ती इंजिन चालू असेपर्यंतच लागू पडते. इंजिन बंद झाले की आटे म्हणजे तेल बाहेर येण्याची आयती पन्हळ. शिवाय मुख्य बेअरिंग झिजून क्रँक किंचित खाली बसला की आट्यांभोवतीची फट विषम होते आणि गळती वाढते. भारतीय वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागणार नाही. १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाडा येथे बनलेल्या हिंदुस्थान अँबॅसिडर गाडीत दीर्घकाळ वापरले गेलेले १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातील होते, आणि त्या घराण्याच्या तीन बेअरिंगांच्या रचनेत मागील टोकास असेच परतीचे आटे होते. सरकारी कचेऱ्यांच्या पोर्चमध्ये दिसणारे तेलाचे काळे डाग चालकाच्या निष्काळजीपणाचे असतीलही. त्यांतील काही मात्र मूळ आराखड्याचे होते. अशा गाडीचे 'सील बदला' म्हणणाऱ्या मालकाला समजावून सांगताना मेकॅनिकची पंचाईत होत असेल यात नवल नाही, कारण तेथे बदलण्यासारखे सील नव्हतेच. खरा उपाय बेअरिंगांचे काम करणे हा होता.

दोराचा उपाय अमेरिकी इंजिनांत अधिक रुळला. ग्रॅफाइट लावलेला ॲस्बेस्टॉसचा दोर दोन अर्धवर्तुळांत कापून एक अर्ध इंजिनाच्या ब्लॉकमध्ये व दुसरे बेअरिंगच्या टोपीत ठोकून बसवत. वरचे अर्ध बदलायचे तर वास्तविक क्रँक उतरवावा लागे. ते टाळण्यासाठी जुना दोर खेचून त्याच्या जागी नवा ओढून घेण्याची खास हत्यारे बाजारात आली. दोराची टोके किती वर ठेवून कापायची, यावर सारे यश अवलंबून असे आणि ते मोजपट्टीपेक्षा हातालाच अधिक कळे. या कापण्याठोकण्यात उडणारे ॲस्बेस्टॉसचे तंतू कोणाच्या श्वासात गेले याचा हिशेब कोणत्याही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९७७ सालच्या आपल्या प्रबंधिकेत ॲस्बेस्टॉस मानवात कर्करोग घडवत असल्याचे नमूद केले. तोवर हा दोर कित्येक दशके वापरात होता.

कातडे कमावणाऱ्यांचा उद्योग

आजच्या स्वरूपाचे ओठयुक्त सील इंजिन बनवणाऱ्यांनी घडवलेले नाही. ते कातडे कमावणाऱ्यांच्या कारखान्यांतून आले, ही बाब मोटारीच्या इतिहासात क्वचितच ठळकपणे मांडली जाते. अमेरिकेत १८७८ साली स्थापन झालेली शिकागो रॉहाइड ही कंपनी मुळात यंत्रांसाठी कातडी पट्टे बनवत असे. १९२०च्या दशकात तिने मोटारींसाठी कातडी सील बनवण्यास प्रारंभ केला. जर्मनीत वाइनहाइम येथे १८४९ साली कार्ल फ्रॉयडेनबर्ग यांनी सुरू केलेला चर्मोद्योग विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोम पद्धतीने कातडे कमावू लागला होता. १९२९ च्या जागतिक मंदीत कातड्याची मागणी कोसळली तेव्हा या उद्योगाने नव्या वापरांचा शोध सुरू केला आणि कातडी सीलकडे तो वळला. तेथील अभियंता वाल्टर झिमर यांनी धातूचे कडे, त्यात धरलेला कातड्याचा ओठ आणि ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरणारी वेटोळ्या स्प्रिंगची कडी, अशी रचना सिद्ध केली. १९३०च्या दशकाच्या पूर्वार्धात ती झिमररिंग या नावाने प्रसिद्धीस आली. जर्मन भाषेत हे नाव पुढे अशा कोणत्याही सीलसाठी सर्रास वापरले जाऊ लागले.

कातड्याचे गुण अनेक होते. ते तेल पिऊन घेते आणि दांडा कोरडा पडला तरी काही काळ स्वतःच्या अंगातले तेल पुरवते. दांड्याचा पृष्ठभाग थोडा खडबडीत असला तरी त्याचे बिघडत नाही. म्हणूनच नवे कातडी सील बसवण्यापूर्वी ते तेलात भिजत ठेवावे, हा त्या काळच्या दुरुस्तीतील पहिला धडा होता. दोष एकच, पण निर्णायक. इंजिनांचा वेग आणि त्याबरोबर तेलाचे तापमान वाढू लागले तसे कातडे कडक होऊन चिरू लागले.

कातड्याला पर्याय म्हणून नैसर्गिक रबर कामाचे नव्हते. रबर आणि खनिज तेल दोन्ही हायड्रोकार्बन वर्गातील असल्याने रबर तेल शोषून फुगते आणि मऊ होऊन निकामी होते. यावर तोड निघाली ती रसायनशाळेत. आय. जी. फार्बेन या जर्मन उद्योगसमूहातील एरिख कोनराड आणि एडुआर्ड चुंकुर यांनी १९३० च्या सुमारास ब्युटाडाइन आणि ॲक्रिलोनायट्राइल यांपासून तेलाला दाद न देणारे रबर तयार केले. ॲक्रिलोनायट्राइलचे प्रमाण वाढवावे तितकी तेलाविरुद्धची शक्ती वाढते, पण थंडीतला लवचिकपणा त्याच प्रमाणात घटतो. नायट्राइल नावाने ओळखले जाणारे हे रबर १९३६ साली झिमररिंगच्या ओठासाठी वापरले गेले. आजही सर्वसाधारण ऑइल सील याच रबराचे असते.

सालाकडे लक्ष वेधणे येथे आवश्यक आहे. १९३६ हे नाझी राजवटीच्या चतुर्वार्षिक योजनेचेही साल. परदेशी कच्च्या मालावाचून युद्ध लढता यावे म्हणून कृत्रिम रबराला त्या योजनेत अग्रस्थान होते. नायट्राइलचे भावंड असलेले बुना-एस हे टायरांचे रबर बनवण्यासाठी आय. जी. फार्बेनने १९४१ पासून आउश्वित्झजवळ मोनोवित्झ येथे कारखाना उभारण्यास घेतला आणि त्या बांधकामावर छळछावणीतील हजारो कैदी राबवले गेले, मारले गेले. इटालियन रसायनज्ञ व लेखक प्रिमो लेव्ही हे तेथील एक कैदी होते. त्या कारखान्यात रबराचा एक तुकडाही अखेरपर्यंत तयार झाला नाही. आय. जी. फार्बेनच्या संचालकांवर १९४७-४८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे खटला चालला. चर्मोद्योगाचा इतिहासही यापासून अलिप्त नाही. फ्रॉयडेनबर्ग उद्योगाने १९३३ साली टाक ही ज्यू मालकीची पादत्राणांची कंपनी ताब्यात घेतली, आणि कातड्याला पर्यायी असलेल्या तळव्यांच्या चाचण्यांसाठी झाक्सनहाउझेन छावणीतील कैद्यांना ज्या धावपट्टीवर चालवले जाई, त्या चाचण्यांत या उद्योगाचाही सहभाग होता. या बाबी खुद्द उद्योगाने इतिहासकार योआखिम शोल्टिझेक यांच्याकडून करवून घेतलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आल्या आहेत. नायट्राइलचे सील छळछावणीतून आले असे यावरून म्हणता येत नाही, तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र कातड्याकडून कृत्रिम रबराकडे झालेले स्थित्यंतर केवळ अधिक चांगला पदार्थ मिळाला म्हणून झाले, असे सरळ वाक्य लिहिणेही अपुरे ठरते.

युद्धोत्तर काळात सिलिकोन आणि पॉलिॲक्रिलेट ही रबरे सीलमध्ये आली. १९५७ साली ड्यू पॉन्ट कंपनीने व्हायटॉन नावाने फ्लुओरो रबर बाजारात आणले; नायट्राइल शंभर अंश सेल्सियसच्या थोडे पुढे गेल्यावर जेथे कडक होऊ लागते, तेथे हे रबर सुमारे दोनशे अंशांपर्यंत टिकते.

कातड्याकडून नायट्राइलकडे झालेला हाच प्रवास महाराष्ट्राने एका अगदी वेगळ्या ठिकाणी पाहिला आहे. जालना येथील चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने विंधन विहिरींसाठी विकसित केलेला जालना हातपंप, त्यानंतर सोलापुरात सुधारला गेलेला सोलापूर पंप आणि त्यांच्या आधारे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या साहाय्याने तयार झालेला इंडिया मार्क-२ पंप ही परंपरा सुपरिचित आहे. त्या पंपाच्या दट्ट्याला कातड्याचे वाटीसारखे वॉशर असत, म्हणजे थेट मॉड्स्ली यांच्या घराण्यातले. ते वारंवार बदलावे लागत. १९८०च्या दशकात कोइमतूर परिसरात झालेल्या प्रत्यक्ष वापराच्या चाचण्यांनंतर त्यांची जागा नायट्राइल रबराच्या वॉशरांनी घेतली. पंपाचा दट्ट्या वरखाली सरकतो आणि मोटारीचा दांडा फिरतो, हा भेद आहेच. पण पदार्थ बदलण्याची कारणे बरीचशी सारखी होती.

ओठाखालचा थर

रबरी सील सर्वत्र रूढ झाले तेव्हा ते कसे काम करते याविषयीची समजूत साधी होती. रबराचा ओठ दांड्यावर घट्ट टेकतो, फट बुजते, तेल अडते. ही समजूत खरी असती तर एक अडचण आली असती. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पोलादावर कोरडे रबर घासत राहिले तर ते अल्पावधीत जळून जावे. प्रत्यक्षात चांगले सील वर्षानुवर्षे टिकत होते. ब्रिटिश अभियंता ई. टी. जॅगर यांनी १९५७ साली इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले की, फिरता दांडा आणि ओठ यांच्यामध्ये तेलाचा एक अखंड पातळ थर असतो आणि ओठ त्या थरावर तरंगत असतो. म्हणजे तेल अडवणाऱ्या सीलच्या खाली तेल असतेच. ते असते म्हणूनच सील जगते. पंपाच्या ग्लँडमधून थेंब पडू देणाऱ्या माणसाला हे ऐकून आश्चर्य वाटले नसते.

परंतु यातून पुढचा प्रश्न अधिक बिकट झाला. ओठाखाली जर तेल आहे, तर ते हवेच्या बाजूने बाहेर का पडत नाही? जॅगर यांनी त्याचे उत्तर तेलाच्या पृष्ठताणात शोधले. ते पूर्णतः पटणारे नव्हते. १९७०च्या दशकात जपानमध्ये कावाहारा आणि हिराबायाशी यांनी सील मुद्दाम उलटे बसवून पाहिले. गॅरेजात जी चूक मानली जाते ती त्यांनी प्रयोग म्हणून केली, आणि सील तेल पंपासारखे दुसऱ्या बाजूला ढकलते असे आढळले. सरळ बसवलेले सील याच पद्धतीने बाहेर येणारे तेल आत परतवत असते. पुढे जर्मनीत हाइन्झ म्युलर यांनी आणि अमेरिकेत रिचर्ड सॅलंट यांनी १९८० व १९९०च्या दशकांत या क्रियेची मीमांसा केली. ओठाचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा असतो, हवेकडचा पसरट. त्यामुळे ओठाचा सर्वाधिक दाब तेलाच्या बाजूला सरकलेला असतो. ओठ थोडा झिजला की त्याच्या पृष्ठावर सूक्ष्म उंचवटे तयार होतात. फिरता दांडा त्यांना आपल्याबरोबर ओढतो, ते तिरपे होतात आणि वल्ह्यांप्रमाणे तेलाला आत सारतात. परतीच्या आट्यांची जी युक्ती जुन्या इंजिनांत पोलादावर कोरलेली होती, तीच येथे रबराच्या झिजलेल्या पृष्ठावर आपोआप घडत होती. ती घडवण्याचा हेतू मात्र मूळ आराखड्यात कोणाचाही नव्हता.

सील बदलताना

ही मीमांसा समोर ठेवून मेकॅनिकांच्या नियमांकडे पाहिले असता त्यांतील बहुतेक नियम आपला अर्थ उघड करतात. स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी, हा सर्वांत जुना नियम. त्याचे पूर्ण कारण वर सांगितलेल्या उताराच्या मीमांसेतच सापडते. ओठाला तेल लावून मगच सील बसवावे, कारण पहिल्या काही फेऱ्यांत खालचा थर तयार झालेला नसतो आणि कोरडा ओठ तेवढ्यातच जळू शकतो. दांडा घासण्यासाठी पॉलिश पेपर वापरला तर तो वर्तुळाकारच फिरवावा, दांड्याच्या लांबीच्या दिशेने सरकवू नये. कारण तिरप्या ओरखड्यांचे आटे बनतात आणि ते तेल बाहेर वाहून नेऊ शकतात. कारखान्यात दांडा घासताना असे सर्पिल ओरखडे राहू नयेत, ही अट मानकांनीही पुढे घातली.

दुरुस्तीतील खरे कौशल्य सील बसवण्याच्या आधी सुरू होते. गळती कोठून आहे हे डाग पाहून ठरत नाही. वरच्या झाकणाच्या गॅसकेटमधून निसटलेले तेल इंजिनाच्या मागच्या भिंतीवरून ओघळत नेमके क्रँकच्या सीलपाशी येते आणि गिअरबॉक्स विनाकारण उतरवला जातो. क्लचच्या घरातून तेल ठिबकत असेल तर ते इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हे जाणकार मेकॅनिक बोटावर घेऊन वासावरून सांगतो. गिअर ऑइलला गंधकयुक्त मिश्रणांचा उग्र दर्प असतो. नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागले तर दोष सीलचा असेलच असे नाही. झिजलेल्या पिस्टन रिंगांवाटे क्रँककेसमध्ये वायू शिरतो. त्याला बाहेर काढणारा ब्रीदर तुंबलेला असेल तर आतला दाब तेलाला ओठाखालून रेटतो. अशा वेळी सील तीनदा बदलूनही उपयोग होत नाही, ब्रीदर साफ करावा लागतो.

जुने सील काढणे हे नवे बसवण्यापेक्षा जोखमीचे काम. स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना दांड्यावर उठलेला एक ओरखडा नव्या सीलला पहिल्या दिवसापासून गळते ठेवतो. म्हणून सीलच्या धातूच्या कड्यात बारीक छिद्र पाडून त्यात स्क्रू फिरवतात आणि स्क्रूला धरून सील ओढून काढतात. त्यानंतर दांड्यावर बोटाचे नख फिरवून पाहतात. नख अडकले तर समजावे की जुन्या ओठाने दांड्यावर चर पाडला आहे. मऊ रबराने कठीण पोलाद झिजवावे हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. ओठाखाली अडकलेली धूळ आणि कीट हे काम करतात. चर फार खोल नसेल तर नवे सील एखादा मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवतात, जेणेकरून ओठ कोऱ्या जागेवर चालावा. खोल असेल तर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवतात. दांड्याच्या टोकाला खाचा किंवा दाते असतील तर त्यांवर चिकटपट्टी अगर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून मगच सील सरकवतात. सील सरळ, कोठेही तिरपे न होता दाबले जावे म्हणून महागडी हत्यारे असतात. पण अनेक गॅरेजांत त्याच मापाच्या जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी हे काम बिनबोभाट करते. सीलवर छापलेल्या तीन आकड्यांचा, उदाहरणार्थ ३५-५२-७ यांचा, अर्थ दांड्याचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी असा आहे, हे ज्याने शाळेत भूमिती अर्धवट सोडली त्यालाही पाठ असते.

परंपरागत ज्ञानाला मर्यादाही आहेत आणि त्या नोंदवणे आवश्यक आहे. १९६०च्या दशकापासून काही सीलांच्या ओठावर तेल परतवणाऱ्या तिरप्या रेघा घातल्या जाऊ लागल्या. अशी सीले दांड्याच्या फिरण्याच्या एकाच दिशेसाठी असतात. त्यांवर बाण असतो आणि डाव्या चाकाकडील सील उजवीकडे चालत नाही. दोन्ही सीले एकाच मापाची असल्याने केवळ आकडे वाचणाऱ्याची येथे फसगत होते. त्याहून मोठा बदल पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन वर्गातील पदार्थाचा ओठ असलेल्या सीलांनी आणला. अलीकडच्या अनेक इंजिनांत क्रँकला हीच सीले असतात. त्यांच्या ओठाला स्प्रिंग नसते. ती बहुधा कोरडीच बसवायची असतात, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या बाहीवरूनच सरकवायची असतात, आणि बसवल्यावर ओठ दांड्याचा आकार घेईपर्यंत काही तास इंजिन सुरू करायचे नसते. कातड्याच्या काळापासून पिढ्यांनी जपलेला 'ओठाला तेल लाव' हा धडा येथे अपायकारक ठरतो. जो नियम कारण न कळताही पाऊणशे वर्षे बरोबर होता, तो पदार्थ बदलताच चुकीचा झाला. आणि नवा नियम हातांतून हातांत न येता खोक्यावरील इंग्रजी सूचनेतून आला. ती सूचना वाचता न येणाऱ्या कुशल माणसाच्या हातून काम बिघडते, तेव्हा त्याच्या कौशल्याला दोष दिला जातो.

या इतिहासाच्या अभ्यासकाची एक अडचण साधनांची आहे. संग्रहालयांत आणि हौशी संग्राहकांकडे १९२०-३० च्या दशकांतील गाड्या उत्तम स्थितीत आढळतात. त्यांचे दिवे, मुठी, कातडी आसने मूळचीच असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. त्या गाड्या चालत्या ठेवण्यासाठी त्यांची सीले मात्र केव्हाच बदललेली असतात; कातड्याच्या जागी नायट्राइल, ॲस्बेस्टॉसच्या दोराच्या जागी दोन तुकड्यांचे रबरी सील. काढलेल्या कातडी सीलची कड कशी झिजली होती, ते कोणत्या बाजूने कडक झाले होते, कोणी ते एकदा उलटे बसवले होते काय, हे सांगू शकणारी वस्तू गॅरेजच्या कचऱ्यात गेलेली असते. पेटंटांचे कागद तेवढे अभिलेखागारांत सुरक्षित राहिले आहेत.